एफएक्स-९९१ईएस प्लसवरचं एनसीआर: कॉम्बिनेशनसाठी कितपत कामाचं?

कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएस प्लस कॅल्क्युलेटरवर कॉम्बिनेशनसाठी, म्हणजे क्रम न पाहता किती प्रकारे निवड करता येते हे काढण्यासाठी, स्वतंत्र बटण नाही. भागाकाराच्या बटणावर पिवळ्या अक्षरांत एनसीआर छापलंय, ते शिफ्ट दाबून घ्यायचं. १२ जणांतून ४ जणांची समिती निवडायची असेल तर १२, शिफ्ट, भागाकार, ४, बरोबर. उत्तर ४९५. आधी एकूण संख्या, मग निवडायची. उलट टाकलंत तर मॅथ एरर.

शेजारीच, गुणाकाराच्या बटणावर एनपीआर (क्रम धरून केलेली निवड) आहे आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. तिथे बोट पडलं की ४९५ ऐवजी ११,८८० येतात, कारण त्याच चौघांना ४! (४ चं फॅक्टोरियल, ४ × ३ × २ × १) म्हणजे २४ क्रमांनी मोजलं जातं. समितीत नाव आधी आलं की नंतर, फरक पडत नाही, म्हणून ४९५. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदं वाटायची असती, तर मात्र ११,८८० हेच उत्तर बरोबर.

ही सोय खरी उपयोगी पडते ती मोठ्या संख्यांना. १०० मधून ३ निवडायला १००! ÷ (३! × ९७!) असं टाकून पाहा, मॅथ एरर येईल. हा कॅल्क्युलेटर ६९! पर्यंतच जातो, ७०! ला १० चा १००वा घात ओलांडला जातो. एनसीआरने तेच उत्तर लगेच येतं: १,६१,७००. एवढ्यासाठी तरी फॅक्टोरियलचा हट्ट सोडावा.

कंस विसरू नका. ५ + ७ एनसीआर ४ टाकलं तर ४० येतात, कारण बेरीज नंतर होते. (५ + ७) असा कंस केला की ४९५.

विचारातली चूक मात्र यंत्र पकडत नाही. ५ स्त्रिया, ७ पुरुष, ४ जणांची समिती, किमान एक स्त्री हवी. बरेच जण आधी एक स्त्री निवडतात, मग उरलेल्या ११ मधून ३: ५ × १६५ = ८२५. एकूण समित्याच ४९५ असताना! दोन स्त्रिया असलेली समिती इथे दोनदा मोजली जाते, तीन असलेली तीनदा. बरोबर वाट म्हणजे ४९५ मधून फक्त पुरुषांच्या ३५ समित्या वजा करणं, म्हणजे ४६०.

एकच वस्तू पुन्हा घेता येत असेल तर त्यासाठी वेगळं बटण नाही. ३ प्रकारांतून ५ नग घ्यायचे असतील तर ३ + ५ − १ = ७ हे आपणच काढून ७ एनसीआर ५ टाकायचं, २१ येतात.