अँकी: शब्द पाठ करायचं अ‍ॅप, रूप जुनाट पण काम चोख
शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांकडे मी निकालपत्रं वाचून टिपणं काढते. शाळा मराठी माध्यमाची. सुप्रीम कोर्टाचं एकेक वाक्य अर्ध्या पानाचं असतं, दर ओळीला डिक्शनरी उघडून काम उरकत नाही. म्हणून अँकी घेतलं.

आधी पैशांचं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, जाहिरातीसुद्धा नाहीत. आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात, आणि आकडा बघून पुणेकर दोनदा विचार करेल.

अ‍ॅप 2006 सालचं आहे आणि ते दिसतंही. पण आतला हिशेब पक्का. कार्डावर प्रश्न येतो, मनात उत्तर द्यायचं, मग कार्ड उलटून, किती आठवलं त्यानुसार चारपैकी एक बटण दाबायचं. नीट आठवलेलं कार्ड आधी काही दिवसांनी, मग महिन्याने समोर येतं. अडलेलं लगेच परत. 2023 मध्ये एफएसआरएस ही तारखा ठरवायची नवी पद्धत आली, सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा.

जीआरई या परदेशी प्रवेशपरीक्षेच्या शब्दांचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, फुकट मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतल्या यादीछाप गाइडांचाच प्रकार: शब्द, अर्थ, संपलं. शब्द कुणाच्या सोबतीने येतो ते त्यात कळतच नाही. सुप्रीम कोर्टाच्या 1980 च्या बचनसिंग निकालापासून फाशीच्या प्रकरणांत ‘अ‍ॅग्रव्हेटिंग’ (गुन्हा अधिक गंभीर ठरवणाऱ्या) आणि ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ (शिक्षा सौम्य करायला कारण देणाऱ्या बाबी) यांची तुलना होते. मी वाचलेलं अख्खं वाक्य कार्डावर घेते आणि त्यातला ‘मिटिगेटिंग’ गाळते. यासाठी ‘क्लोझ’ नावाचा कार्डाचा प्रकार तयारच आहे. असं एक कार्ड करायला दोन मिनिटं जातात, पण शब्द निम्मा तिथेच डोक्यात बसतो. आता सरांनी नवीन निकाल टेबलावर टाकला की मी आधी पेन्सिल शोधते, डिक्शनरी नंतर.

रोज 20 नवीन कार्डं असं अ‍ॅपने आधीच ठरवलेलं असतं. नोकरी करणाऱ्याने ते पाच-सातवर आणावं. नाहीतर गणपतीत चार दिवस हात लावला नाही, की उजळणीचा एवढा ढीग साचतो की अ‍ॅप उघडायचीच भीती वाटते.

उच्चार ऐकायची सोय आहे, पण ती कार्डाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, स्वतः लिहून बसवायची. मी भाच्याकडून करून घेतली. ज्याला असा भाचा नाही त्याने काय करायचं? या गैरसोयीचा एक गुण कापून पाचपैकी चार.