टेस्टमध्ये नापास झाल्यावर: पुन्हा क्लासची गाडी की घरची?

नाशकात पेठ रोडच्या आरटीओतून ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास होऊन बाहेर पडलं की सल्ले दोनच मिळतात. क्लासवाले म्हणतात, अजून आठ-दहा दिवस लावा. घरचे म्हणतात, दारात गाडी उभी आहे, पैसे कशाला घालवता? दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण दोन्हीकडची तयारी अगदी वेगळी होते, म्हणून आधी नेमकं कशात अडकलात ते बघा.

गाडी बंद पडली किंवा चढावर मागे सरकली, तर दोष क्लचचा. रिव्हर्समध्ये खांबाला लागली, तर अंदाजाचा. इंडिकेटर, आरसा, सीटबेल्ट राहिला असेल तर तो सवयीचा प्रश्न, आणि त्यासाठी पैसे भरायची गरज नाही. इन्स्पेक्टर साहेबांनी कारण सांगितलं नसेल तर तिथल्या तिथे नम्रपणे विचारून घ्यावं.

मुदतीचं गणित छोटं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ नुसार पुन्हा टेस्ट ७ दिवसांनंतर देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. फेरटेस्टची सरकारी फी प्रत्येक वाहनप्रकाराला ३०० रुपये. कार आणि बाईक दोन्ही राहिल्या असतील तर दोनदा. लर्निंग लायसन्सची मुदत ६ महिने असते. ती संपत आली असेल तर स्लॉट आधी घ्या, तयारी त्या तारखेनुसार बसवा. एजंट स्लॉट मिळवून देईलही, पण स्टिअरिंग तुम्हालाच फिरवायचं आहे.

आता क्लासची गाडी. तिच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. सरांच्या पायाशी ब्रेक असतो, त्यामुळे समोर अचानक रिक्षा वळली तरी निभावतं. सर ओरडले तरी घरी येऊन जेवणाच्या ताटावर विषय काढत नाहीत. आणि इन्स्पेक्टर काय बघतात हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. गाडीत बसल्यावरच हातपाय गार पडत असतील, तर पहिले चार दिवस क्लासच बरा, यात वाद नाही.

माझं मत क्लासकडून घरच्या गाडीकडे वळलं ते एकाच गोष्टीमुळे: सरांचा पाय. ड्युअल कंट्रोलच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात आणि ते तुमच्या पेडलला जोडलेले असतात. तुम्ही क्लच जरा लवकर सोडला की गाडी बंद पडण्याआधीच सर तो हळूच दाबतात. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. सिग्नलला गाडी बंद पडून मागून हॉर्नचा भडिमार त्यांनाही नको असतो. पण त्यामुळे क्लच नेमका कुठे धरतो हे तुमच्या तळपायाला कळतच नाही. पंधरा दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही म्हणून आपण खूश, आणि टेस्टच्या दिवशी चढावर पहिल्याच फटक्यात बंद.

ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही जोर लावायच्या आधीच पेडल तळपायाखालून खाली गेल्यासारखं वाटलं, तर ते सरांचं काम. 'सर, आज दोन्ही पाय मागे घ्या, बंद पडली तर पडू द्या' असं स्पष्ट सांगा. बहुतेक जण ऐकतात, निदान पहिला अर्धा तास.

दुसरी गोष्ट जरा कमी छळणारी. क्लासमध्ये रिव्हर्स सूत्रावर शिकवतात: मागच्या काचेत अमुक खांब दिसला की स्टिअरिंग पूर्ण फिरवा, तमुक दिसला की सरळ करा. हे सूत्र त्या गाडीचं आणि त्या सीटच्या उंचीचं असतं. टेस्टला क्लासने दुसरी गाडी पाठवली, किंवा तुम्ही सीट दोन खाचा पुढे घेतली, की खांब वेगळ्याच वेळी दिसतो.

घरच्या गाडीत हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत, कारण क्लच एकच आणि सीट एकच. तिथे सुरुवात सपाट जागेवर करावी. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला पाय नाही, क्लच इतकाच सोडायचा की गाडी मुंगीच्या पावलांनी सरकेल. तिथेच धरायचा, मग परत दाबायचा. असं वीस-पंचवीस वेळा. पेट्रोलची छोटी गाडी इथे लवकर बंद पडते, डिझेलची ओढून नेते. त्यामुळे क्लासमध्ये डिझेलवर शिकून घरी पेट्रोलवर बसलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास वैतागतो.

मग चढ. हँडब्रेक वर, पहिला गिअर, क्लच सोडत आणायचा. इंजिनाचा आवाज जरा जड झाला आणि बॉनेट किंचित उचललं की पाय तिथेच थांबवायचा, थोडी रेस द्यायची आणि मगच हँडब्रेक खाली. क्लच धरायच्या आधी हँडब्रेक सोडला तर गाडी मागे येते. धरल्यावर पाय झटकन उचलला तर बंद पडते. नुसतीच रेस देत राहिलात तर जळका वास येतो. तेव्हा गाडी बाजूला लावून दहा मिनिटं थांबावं. गाडीत हिल होल्ड असेल तर ती दोन-एक सेकंद आपोआप धरून ठेवते, पण तिच्या भरवशावर सराव करू नका.

नाशकात चढ शोधायला लांब जायला नको. गोदाकाठाकडे उतरणाऱ्या जुन्या गल्ल्यांना उतार भरपूर आहे, पण तिथली गर्दी नवशिक्याच्या कामाची नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा रॅम्प दुपारी मोकळा असतो, तोच पुरे. सरळ चालवायला आणि गिअर बदलायला सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी बरे. एरवी शिफ्ट सुटायची वेळ टाळा. द्वारका चौकात गाडी घालून धीट व्हा असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. टेस्ट होईपर्यंत त्यांचं ऐकू नका.

एच (एच अक्षराच्या आकारात गाडी पुढे-मागे नेणं) आणि पार्किंगसाठी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि खडू चालतात. हॅचबॅकची रुंदी साधारण दीड ते पावणेदोन मीटर. पहिल्या दिवशी गल्ली तीन मीटरची आखा, बाटली पडेनाशी झाली की अडीचवर आणा. समांतर पार्किंगची जागा गाडीच्या लांबीच्या दीडपट ठेवा, म्हणजे चार मीटरच्या गाडीला सहा. वेग पूर्ण वेळ हाफ क्लचवरचाच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून सरकण्याचाच हवा. बाटली पडते ती बहुधा स्टिअरिंग चुकल्यामुळे नव्हे, तर हात फिरायच्या आत गाडी पुढे गेल्यामुळे.

घरच्या गाडीच्या उणिवाही सांगायला हव्यात. शेजारी बसणाऱ्याकडे पक्कं लायसन्स हवं, आणि त्याला गाडी थांबवता येईल अशाच जागी तो बसलेला हवा. त्याच्याकडे ब्रेक नसतो, म्हणून हँडब्रेकवर त्याचा हात हवा. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल, किमान १० सेंटिमीटर उंचीचा, लावायलाच लागतो. या अटी पाळल्या नाहीत तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय बाबांच्या सवयी पण फुकटात मिळतात: उताराला न्यूट्रल, वळताना इंडिकेटर नाही, गिअरच्या दांड्यावर कायमचा हात. टेस्टला घरची गाडी न्यायची तर आरसी, विमा आणि पीयूसी चालू आहेत का ते आदल्या आठवड्यात बघा. पीयूसी संपल्याचं नेमकं त्या सकाळीच लक्षात येतं.

दुचाकीत मात्र निवड करायचं फार कारण नाही. टेस्टचा आठाचा आकडा स्वतःच्याच गाडीवर काढा. नजर चाकाजवळ न ठेवता पुढच्या वळणावर ठेवा. अलीकडच्या स्कूटरला डावा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं धरतं, म्हणून वळणात तो हलकाच दाबून रेस थोडी चालू ठेवावी. झटका दिला की पाय खाली टेकतो.

मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा २९ तासांचा कोर्स हा तिसरा रस्ता. तो पूर्ण केल्यावर आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळण्याची तरतूद आहे. पण एकट्या क्लचसाठी अडकलेल्याला तो जरा जास्तच होईल असं वाटतं.

तेव्हा घरी गाडी आणि शेजारी बसणारं शांत माणूस असेल, तर मी घरच्या गाडीकडे झुकेन. रिव्हर्स जमत नसेल तर क्लासच्या सरांना दोन तासांसाठी घरच्याच गाडीत बसवावं. वेगळे पैसे घेऊन येणारे सर मिळतात. घरी गाडीच नसेल तर क्लासला जाताना दोन अटी पहिल्या दिवशीच घाला: सरावाला आणि टेस्टला गाडी एकच, आणि शेवटचे तीन दिवस सरांचे दोन्ही पाय मॅटवर.