पसरणी घाटात तापणारी पिकअप आणि इन्फ्रारेड तापमापक : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या गणपतीच्या आधी साधारण दीड हजार रुपयांना घेतलेला हा बंदुकीच्या आकाराचा, स्पर्श न करता पृष्ठभागाचे तापमान दाखवणारा तापमापक तेव्हापासून माझ्या २००८ सालच्या डिझेल पिकअपमध्येच असतो. गाडी वाईहून पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना भाजीपाला पोहोचवते आणि हंगामात उतरताना स्ट्रॉबेरीचे क्रेट आणते. त्यामुळे पसरणी घाट ती नेहमी भरलेल्या अवस्थेत, बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये चढते.

तक्रार अशी होती की सपाटीवर, अगदी वाईच्या गर्दीत उभी असतानाही, तापमानाचा काटा मध्यावर राहत असे. निम्मा घाट चढल्यावर मात्र तो लाल पट्टीकडे सरकू लागे. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडताच हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याचा निकाल मिळाला. परंतु ऑइल दुधाळ झालेले नव्हते, आणि सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिले तर बुडबुडेही येत नव्हते. तेव्हा हेड खोलण्यापूर्वी उष्णता नेमकी कुठे अडते आहे, हे मोजून पाहावे असे मी ठरवले.

पहिल्याच दिवशी या उपकरणाने मला चकवले. घाटात गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून मोजले तेव्हा वरच्या होज पाइपवर ९४ अंश आले आणि त्याला लागूनच असलेल्या थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ॲल्युमिनियम घरावर ५८. इतका फरक शक्यच नव्हता. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, तर स्वस्त तापमापकांत उत्सर्जकतेचे, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता उत्सर्जित करतो याचे, मूल्य बहुधा ०.९५ वर कायम केलेले असते. म्हणून काळे रबर जवळपास बरोबर दिसते आणि ॲल्युमिनियम खोटे बोलते. त्या जागी काळी इन्शुलेशन टेप चिकटवली, तर ९१ अंश आले. आठवड्याभरात टेप पाघळून तिचा चिकट डाग उरला, म्हणून पुढे तिथे उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिला. तो अजून शाबूत आहे.

खरा उलगडा रेडिएटरवर झाला. जुन्या पद्धतीच्या रेडिएटरमध्ये पाणी वरच्या टाकीतून खाली उतरते, त्यामुळे खालचा भाग थंड असणे हा दोष नव्हे. तुलना एकाच उंचीवर डावी-उजवीकडे करावी लागते. मध्यावर उजवीकडे ७३ अंश होते आणि डावीकडच्या जवळजवळ एक तृतीयांश भागात वरपासून खालपर्यंत ४५ च्या आसपास. तेवढ्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हते. वर्षानुवर्षे बोअरचे जड, क्षारांचे पाणी ओतल्याचा हा परिणाम, आणि त्यात माझाच हात होता. सपाटीवर उरलेल्या नळ्या पुरत होत्या. पूर्ण भाराने चढताना, वेग कमी असल्याने समोरून वाराही नसताना, त्या पुरत नव्हत्या.

साताऱ्यात रेडिएटरची वरची टाकी उघडून नळ्यांचे रॉडिंग, म्हणजे आतून सळई घालून सफाई, करून घेतले. सळईबरोबर चुनखडीसारखा पांढरा चुरा बाहेर पडला. ‘व्हॉल्व्ह काढूनच टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला तिथेही मिळाला, पण मी थर्मोस्टॅट घरी पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहिला. ८२ अंशांच्या आसपास तो उघडू लागला, म्हणून तो परत बसवला आणि निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी भरले. त्यानंतर दोन्ही बाजूंतला फरक तीन-चार अंशांवर आला.

माघात काटा पुन्हा चढला, पण केवळ रात्री. होज ८४ अंशांच्या वर जात नव्हता, आणि हेडलाइट बंद करताच काटा खाली येत होता. डॅशबोर्डची अर्थिंगची वायर सैल निघाली. माझ्या मते उपकरणाची किंमत त्याच रात्री वसूल झाली.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाण्याचे तापमान यातून थेट कळत नाही. रबर आतल्या पाण्यापेक्षा काही अंश थंडच दिसते. रेडिएटरच्या टोपणाचा दाब तो मोजू शकत नाही, आणि झिजलेले टोपण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळते, हे वेगळे तपासावे लागते. मोजलेला आकडा कमी दिसला तरी गरम टोपण उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी उसळते. तापमापकाच्या लेझरचा लाल ठिपका फक्त नेम दाखवतो. माझ्या तापमापकाचे प्रमाण १२:१ आहे, म्हणजे बारा इंचांवरून एक इंच व्यासाच्या जागेची सरासरी मिळते. त्यामुळे जवळ जावे लागते आणि फिरता पंखा तिथेच असतो. शर्टाच्या बाह्या मी आता आधी दुमडून घेतो. भर उन्हात तो ठिपका दिसत नाही, ही माझी एकच खरी कुरकूर आहे. वैशाखात दुपारी मोजताना एका हाताने टोपीची सावली धरावी लागली.