बंद घराला टॅक्स सवलत मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध रहा

धुळ्यात जुन्या गावात आमच्या नानांचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे, नाना गेल्यापासून कुलूपच, दादा सुरतला आणि मी जळगावला शाळेत नोकरीला. पावसाळ्यात धाबं गळतं, माती टाकायला कोणी नाही, त्यामुळे कोणी त्या घराचं नाव काढलं की जीव तुटतो. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं.

2024 च्या जूनमध्ये शेजारच्या आक्कांकडून माझा नंबर घेऊन त्याने फोन केला. ताई, शहरातली बंद घरं परत राहती करायची योजना आलीय, दुरुस्तीचा जो खर्च होईल त्याचे दरवर्षी 10 टक्के असे 10 वर्षं इन्कम टॅक्सला वजा दाखवायचे, आणि कागदच पाठवला. ती योजना खरी आहे पण आयर्लंडची, 2015 ला सुरू झाली तेव्हा डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवे, वॉटरफर्ड, किलकेनी या शहरांच्या जुन्या भागात 1915 च्या आधी बांधलेल्या घरांसाठी होती. याने देशाचं नाव काढून मराठीत टाईप केलेलं, तिचे सुरुवातीचे आकडे तसेच ठेवलेले, म्हणून मला ते पटलं.

फाईलचे 6000 घेतले, सिटी सर्व्हेचा उतारा (प्रॉपर्टी कार्ड), घरपट्टीची पावती, पॅन, आधार सगळ्याच्या झेरॉक्स घेतल्या आणि मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलचा पासवर्ड पण मागितला. मी दिला. आक्का म्हणाल्या होत्या, "त्याले काही देऊ नको वं माय", मी ऐकलं नाही.

ऑगस्टमध्ये खात्यात 41,600 रिफंड आला, त्यातले 20 टक्के म्हणजे 8320 त्याने कमिशन म्हणून घेतले. मी खूश. ऑक्टोबरमध्ये शाळेतल्या मॅडमच्या ओळखीच्या सीएंनी रिटर्न उघडून बघितलं तर त्यात योजनेचं काहीच नाही, त्याने जुन्या रेजीममध्ये (वजावटी घेता येतात त्या जुन्या करपद्धतीत) गृहकर्जाचं 2 लाख व्याज दाखवलेलं, आणि आमच्या घरावर एक रुपयाचं कर्ज नाही! सीए म्हणाले, ताई हे चुकीची माहिती दिल्यात धरलं तर चुकवलेल्या टॅक्सच्या 200 टक्के दंड लागतो. त्या रात्री झोप लागली नाही. डिसेंबरच्या मुदतीआधी रिवाइज्ड (सुधारलेलं) रिटर्न भरून सगळे पैसे व्याजासकट परत केले, तो माणूस फोन उचलत नाही.

सीएंनी जे समजावलं ते सांगते. आपल्याकडे रिकामं घर दुरुस्त केलं म्हणून इन्कम टॅक्समध्ये अशी वजावट नाही. घर भाड्याने दिलं तर वार्षिक भाड्यातून घरपट्टी वजा करून उरेल त्याच्या सरसकट 30 टक्के सूट मिळते, मग दुरुस्तीला कितीही लागू द्या, बिलं लावायची गरज नसते. स्वतःच्या राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर जुन्या रेजीममध्ये व्याजाचे वर्षाला 30,000 पर्यंतच. घरपट्टीचं म्हणाल तर महापालिका कायद्यात रिकाम्या इमारतीसाठी परताव्याची सोय आहे, पण घर रिकामं आहे हे आपण आधी लेखी कळवायला लागतं, ते काम घरपट्टी विभागात स्वतः जाऊन अर्ज देऊन पोच घेऊन करा.

पोलिसांत लेखी तक्रार दिलीय आणि पासवर्ड तर बदललाच. पण उताऱ्याच्या झेरॉक्स अजून त्याच्याकडेच आहेत, म्हणून महिन्यातून एकदा नानांच्या घराचं प्रॉपर्टी कार्ड काढून बघते, त्यावर नवीन कुणाचं नाव तर चढलं नाही ना.