प्रोटीन-जीचा कॉलम-संच: गायीच्या सीरमसाठी घ्यावा का?

सीरममधून अँटिबॉडी वेगळी काढायचा हा संच: 1 मिलीचा कॉलम (अँटिबॉडी धरणारं प्रोटीन-जी भरलेली नळी), ती चिकटवणारं बाइंडिंग बफर, सोडवणारं ग्लायसिनचं आम्ल बफर आणि ते आम्ल मारणाऱ्या ट्रिसची छोटी बाटली, एवढंच. अँटिबॉडीने कल्चरमधला बबेसिया (गोचिडातून येणारा, गायीच्या तांबड्या पेशींत वाढणारा परजीवी) रोखून पाहायचा असेल तर प्रोटीन-ए सोडून हाच घ्यावा. गायीचं आयजीजी-1 (आयजीजी या सीरममधल्या मुख्य अँटिबॉडीचा एक प्रकार) प्रोटीन-एला धड चिकटत नाही, धुण्यातच वाहून जातं. प्रोटीन-जी आयजीजी-1 आणि 2 दोन्ही धरतं.

कॉलम चांगला, पुस्तिका मात्र अर्धीमुर्धी. सीरम 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून न काढता चढवलं की चरबीने कॉलम तुंबतो, हे तिच्यात नाही. बबेसियाने लघवी तांबडी असतानाचं सीरम घेऊच नका. हिमोग्लोबिनने ते लालसर असतं आणि अँटिबॉडीही पुरत्या बनलेल्या नसतात. गाय बरी होऊन तीन-चार आठवडे जाऊ द्या. 1 मिली सीरममध्ये साधारण 20 मिग्रॅ आयजीजी असतं, एका खेपेला अर्धा मिली पुरे. पीएच 2.7 चं ग्लायसिन सोडण्याआधीच गोळा करायच्या नळीत ट्रिस हवं: 1 मिलीला 100 मायक्रोलिटर, 1 मोलर, पीएच 9. मागून घालू म्हटलं की नळी दुधट होते, गाळ बसतो.

खरा घोळ साठवणीच्या पानावर आहे. अँटिबॉडी टिकावी म्हणून सोडियम अझाइड घाला, असं तिथे छापलंय. एलायझाला (अँटिबॉडी मोजायच्या चाचणीला) चालेल, कल्चरमध्ये बबेसियाला अझाइडच मारतं आणि श्रेय अँटिबॉडीला जातं! अझाइड न घालता एम-199 मध्ये (कल्चरच्या पोषक द्रावात) तीनदा डायलिसिस करा, 0.22 मायक्रॉनमधून गाळा. निरोगी तांबड्या पेशींसोबत सीरम आधी मुरवून घ्या, नाहीतर पेशी गुठळतात आणि वाढ थांबल्यासारखी दिसते.

कंट्रोल म्हणून निगेटिव्ह, म्हणजे बबेसियाच्या अँटिबॉडी नसलेल्या, गायीचं आयजीजी याच कॉलममधून काढायचं. इथे कोल्हापूरकरांची पंचाईत: गोचीड न लागलेली गाय करवीर-कागलच्या गोठ्यांत सहजी मिळायची नाही. कल्चरमध्ये 40 टक्के सीरम जातं. तेही गोचीड लागलेल्या गायीचं असेल तर कंट्रोलची वाढही खुंटते. कंट्रोलचं आणि कल्चरचं, दोन्ही सीरम आधी आयफॅटने (बबेसियाच्या अँटिबॉडी चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या चाचणीने) तपासा.

कल्चर 1 टक्का बाधित पेशींपासून सुरू करून मोजणी 48 आणि 72 तासांनी, जिम्सा स्मिअरवर (रंगवलेल्या रक्ताच्या काचेवर). अँटिबॉडी मेरोझॉइटला (पेशीबाहेर पडलेल्या बबेसियाला) नव्या पेशीत शिरू देत नाही, आत बसलेल्याचं काही बिघडवत नाही; त्यामुळे 24 तासांचा आकडा बघून कॉलमला नावं ठेवू नका.

पार्सल आल्याबरोबर उघडा. बर्फाला टेकून गोठलेला कॉलम परत करा. वापरून झाला की 20 टक्के इथेनॉलमध्ये, 4 अंशांवर.