१३५ की १६६? कागोमे स्फटिक निवडताना

कागोमेत, म्हणजे कोपऱ्यांनी जोडलेल्या त्रिकोणांच्या अणुजाळीत, अणूंची कंपनं आणि फ्लॅट बँड (इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगानुसार जवळजवळ बदलतच नाही असा पट्टा) दोन्ही पाहायचे ठरवलं की बहुतेकजण या दोघांपाशी अडतात: १३५ घराण्यातला सीझियम-व्हॅनेडियम-अँटिमनी आणि १६६ मधला स्कँडियम-व्हॅनेडियम-कथील (आकडे म्हणजे सूत्रातल्या अणूंचं प्रमाण). दोन्हींत जाळी व्हॅनेडियमचीच. चार्ज डेन्सिटी वेव्ह (इलेक्ट्रॉनची घनता लहरीसारखी कमी-जास्त होऊन जालकही तसं सरकतं ते स्थित्यंतर) हीदेखील जवळपास एकाच तापमानाला येते, पहिल्यात ९४ केल्विनला, दुसऱ्यात ९२. मी दोन्हींवर काम केलं आहे.

१३५ हाताळायला सुरेख. पातळ षटकोनी चकत्या चिकटपट्टीने अलगद सुटतात आणि आतला पृष्ठभाग लख्ख निघतो. शिवाय २.५ केल्विनच्या आसपास अतिवाहकता. तीच हवी असेल तर फार विचार करू नका, १३५ घ्या. सीझियममुळे ग्लोव्हबॉक्स लागतो, पण त्याची सवय होते.

माझं अडलं ते कंपनांपाशी. अशा स्थित्यंतराआधी एखादा फोनॉन (जालकाच्या कंपनाचा एक प्रकार) मऊ पडेल, थंड करू तशी त्याची ऊर्जा उतरत जाईल, ही साधी अपेक्षा. इनइलॅस्टिक क्ष-किरण विकिरणात (क्ष-किरणांनी फोनॉनची ऊर्जा मोजण्याची पद्धत) मी १३५ चं तापमान पायरी-पायरीने खाली आणलं, ९४ ओलांडलं. फोनॉन होता तिथेच. त्यात थरांच्या रचनेचा घोळ. सी अक्षावर (थरांना लंब दिशा) कधी दुप्पट पुनरावृत्ती, कधी चौपट. नमुना बदलला किंवा थंड करण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. इलेक्ट्रॉन आणि जालकाचं नातं शोधणाऱ्याला हे फार दमवतं. तुमचे नमुने कदाचित जास्त एकसारखे असतील.

१६६ मध्ये तो फोनॉन खरंच खाली येतो. तोही एका बिंदूपाशी नाही, प्रतलभर जवळजवळ सपाट असलेली अख्खी शाखा मऊ पडते. कथिलाचे अणू सी अक्षावर वर-खाली सरकतात, व्हॅनेडियम फारसा हलत नाही. स्कँडियम लहान, म्हणून सी अक्षावरच्या स्कँडियम-कथिलाच्या साखळीत जागा सैल राहते. त्याऐवजी यिट्रियम किंवा ल्युटेशियम घातलं तर हे स्थित्यंतरच होत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे: सर्वात मऊ पडतो (१/३, १/३, १/२) चा फोनॉन (कंसातले आकडे लहरीची दिशा आणि पुनरावृत्ती सांगतात), पण ९२ ला स्थिरावते ती (१/३, १/३, १/३) ची रचना. जो मऊ पडला तो गोठलाच नाही! यावर मी महिनोन् महिने आनंदाने घालवले आहेत.

एक मात्र लक्षात असू द्या. ही सपाट शाखा कथिलाची आहे. तिचा व्हॅनेडियमच्या फ्लॅट बँडशी थेट संबंध जोडू नये. ते बँड दोन्ही स्फटिकांत फर्मी पातळीवर (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांची वरची सीमा) नेमके बसतही नाहीत. निव्वळ फ्लॅट बँड पाहायचा तर कोबाल्ट-कथील बरा, फक्त तो सी अक्षावर कांड्यांसारखा वाढतो आणि कागोमे प्रतल उघडं करणं जिकिरीचं होतं.

१६६ वर, तो ज्यात वाढवतात त्या वितळ्यातलं कथील चिकटून राहतं आणि ३.७ केल्विनला रोध एकदम पडतो. ती अतिवाहकता स्फटिकाची नाही, कथिलाची. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन घ्या. मोजणी मात्र २०० केल्विनच्याही वरून सुरू करा. मऊपणा ९२ च्या बराच आधी दिसू लागतो.