लार्नाकाची झेनोबिया: एका जहाजासाठी अख्खी सुट्टी, पैसे वसूल होतात का?

सायप्रसला डायव्हिंगला जायचं म्हटलं की जो तो तिथल्या बुडालेल्या जहाजाचं नाव घेत झेनोबिया झेनोबिया करतो, आणि त्यात चूक काहीच नाही, कारण कोरल, रंगीबेरंगी मासे वगैरे बघायचे असतील तर भूमध्य समुद्र ही जागाच नव्हे. पाणी निळंशार, 20-30 मीटरपर्यंत सहज दिसतं, पण खाली बहुतेक ठिकाणी वाळू, खडक आणि गवत एवढंच. त्यामुळे सायप्रसमधल्या लार्नाका शहराचं पॅकेज घेताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, तुम्ही एका जहाजासाठी पैसे मोजताय. पटत असेल तरच जा.

आता जहाज काय आहे ते सांगतो. 172 मीटर लांब स्वीडिश फेरीबोट, ट्रक वाहून न्यायची, अगदी कोरी करकरीत, पहिल्याच मोठ्या सफरीवर सीरियाला निघालेली. बॅलास्ट म्हणजे जहाजाचा तोल राखायच्या टाक्यांत पाणी भरणाऱ्या सिस्टिममध्ये बिघाड झाला, टाक्यांत नको तेवढं पाणी शिरत गेलं आणि जहाज एका बाजूला कलायला लागलं. लार्नाकाला आणलं, पण बंदरातच बुडलं तर बंदर अडेल म्हणून परत बाहेर ओढून नेलं, आणि 7 जून 1980 ला ते गेलं तळाला. माणसं आधीच उतरवलेली होती म्हणून कोणी दगावलं नाही, पण शंभरावर ट्रक मालासकट खाली गेले. आणि हे सगळं किनाऱ्यापासून जेमतेम दीड किलोमीटरवर! बोटीत बसून गियर नीट चढवून होत नाही तोवर पोचतो आपण.

जहाज डाव्या कुशीवर आडवं पडलंय, तळ 42 मीटरवर आणि वर आलेली उजवी बाजू 16-17 मीटरवर. म्हणजे नुसतं ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं कार्ड असलं तरी वरची बाजू बघता येते, पण खरं सांगू का, 18 मीटरच्या मर्यादेत राहून तुम्ही फक्त एका लांबलचक लोखंडी मैदानावरून पोहत जाता. भारी वाटतं, नाही असं नाही, पण मजा खाली आहे. अॅडव्हान्स्ड, म्हणजे त्यापुढचा कोर्स करूनच जा, आणि जमलं तर नायट्रॉक्सचाही (जास्त ऑक्सिजन असलेली हवा), कारण 30 मीटरवर साध्या हवेवर वीसेक मिनिटांतच नो-डेको (वर येताना सक्तीचे थांबे न लागता खाली राहायचा वेळ) संपतो, 32 टक्के ऑक्सिजनवर तोच अर्ध्या तासापर्यंत जातो. एवढ्या मोठ्या जहाजावर ती जास्तीची मिनिटं सोन्यासारखी वाटतात.

पहिल्या डाइव्हला काहीच कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सगळं नव्वद अंशात फिरलेलं. जिना आडवा, दरवाजा पायाखाली, डेकची जमीन म्हणजे भिंत, आणि त्या भिंतीला साखळीने बांधलेला एखादा ट्रक अजूनही तसाच अधांतरी लटकलेला. बाकीचे घसरून तळावर एकावर एक ढिगात पडलेत, टायर अजून शाबूत. मी एका ट्रकच्या टायरला हात लावायला गेलो तर गाईडने बोटाने नाही नाही केलं, ते बरोबरच होतं. ग्रुपर मासे मात्र बिनधास्त जवळ येतात, बॅराकुडांची झुंड जहाजाच्या वर तरंगत असते, आणि सुवेझमधून आलेले लायनफिश आता सगळीकडे बसलेले दिसतात, दिसायला देखणे पण काटे विषारी, त्यामुळे हात आपल्याजवळच ठेवा.

आता डायव्हिंगच्या दुकानाबद्दल. आम्ही ज्यांच्याकडे बुक केलं त्यांचं नाव नाही लिहीत, पण ब्रीफिंग एक नंबर, लाकडी मॉडेल हातात घेऊन कुठून उतरायचं, कुठे वळायचं, सिलिंडरमध्ये किती बार (हवेचा दाब) उरले की परत फिरायचं सगळं नीट सांगितलं. सिलिंडर, रेग्युलेटर व्यवस्थित. वेटसूट मात्र गुडघ्यावर फाटलेला आणि बदलून मागितला तर चालतंय हो असं उत्तर! सगळ्यात खटकलं ते वेगळंच, नवशिके आणि सराईत एकाच ग्रुपमध्ये टाकले. एकाची हवा भराभर संपली की सगळ्यांनी वर. पैसे सगळ्यांनी सारखेच दिलेत ना? त्यामुळे बुक करतानाच विचारा, एका गाईडमागे किती जण, ग्रुप अनुभवाप्रमाणे पाडता का, आणि गियर, बोट, नायट्रॉक्स हे भावात धरलंय की वेगळं. युरोमधला आकडा मेलवर लेखी घ्या, तिथे गेल्यावर हे एक्स्ट्रा ते एक्स्ट्रा सुरू होतं.

आत शिरायचं का? कारडेकला, म्हणजे गाड्या ठेवायच्या मजल्याला वरून उजेड येतो, गाईडबरोबर थोडं आत डोकावणं वेगळं. पण इंजिनरूम वगैरे भागात अंधार, गाळ, पायातली एक फिन चुकीची मारली की गाळ उठून दिसायचं बंद, आणि दिशा तर आधीच गोंधळलेली. या जहाजावर डायव्हर जीवाला मुकलेत. रेक पेनिट्रेशनचं, म्हणजे बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचं ट्रेनिंग नसेल आणि कोणी चला की पटकन म्हणालं तर सरळ मान हलवून नाही म्हणा. उलट जे दुकान तुमचं कार्ड, लॉगबुक बघितल्याशिवाय आत न्यायला तयार होतं ते दुकान सोडा.

डाइव्ह झाली की लार्नाकात वेळ बरा जातो, फिनिकूदेसचा समुद्राकाठचा पामच्या झाडांचा रस्ता, सेंट लाझारसचं चर्च, हिवाळ्यात गेलात तर मिठाच्या तळ्यावर फ्लेमिंगो. गाड्या डाव्या बाजूने चालतात त्यामुळे भाड्याची कार घ्यायला भीती नाही. उन्हाळ्यात पाणी 27-28 डिग्री, पण बोटींची गर्दी इतकी की एकाच दोरीवर तीन ग्रुप वर येताना सेफ्टी स्टॉप, म्हणजे मधला थांबा, करत लटकलेले. ऑक्टोबर मला जास्त पटतो, पाणी अजून ऊबदार आणि माणसं कमी.

परत जाईन तर जहाजासाठी नक्की, दुकान मात्र बदलेन. आणि एअरपोर्ट गावाला अगदी चिकटून आहे म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह मारून संध्याकाळी उडू असं प्लॅनिंग कोणी करू नका, सलग डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान 18 तास डाइव्ह न करता राहायचं असतं, तो दिवस बीचवर काढा.